पावट्याच्या डिपचे लेखापरीक्षण

परवा, 26 जानेवारीच्या रात्री, माहीममधल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर, मी केलेल्या पावट्याच्या डिपवर एका वयोवृद्ध गृहस्थांनी माझ्यादेखत फोडणी ओतली. फोडणी हिंग, मोहरी आणि हळदीची होती, तेल कडकडीत तापलेले होते, आणि ती ओतण्यापूर्वी मला विचारलेले नव्हते, या तीन गोष्टी आधीच नोंदवून ठेवतो. कारण इमारतीत या प्रसंगाची जी हकीकत सध्या फिरते आहे, तिच्यात पहिल्या दोन गोष्टींचे फार कौतुक आहे आणि तिसरीचा उल्लेखही नाही.

त्या दिवशी आमच्याकडे सत्यनारायण असतो आणि रात्री प्रत्येक घराने एकेक पदार्थ आणून एकत्र जेवण होते. यंदा सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'तळलेले नको, पौष्टिक आणि जरा वेगळे आणा' असे आवाहन झाले, त्यावर हात जोडलेल्या आणि अंगठे उंचावलेल्या चित्रांचा पाऊस पडला, आणि ते प्रत्यक्षात मनावर घेणारा मी एकटाच निघालो. बाकीच्यांनी बटाटेवडे आणले.

पावट्याचे डिप करणे अवघड नाही, ते चिकाटीचे आहे. इतर लोक यासाठी काबुली चणे रात्रभर भिजवतात किंवा डब्यातला राजमा उघडतात, परंतु जानेवारीत बाजारात ओल्या शेंगांचे ढीग लागलेले असताना सुक्या कडधान्याकडे वळणे मला कृतघ्नपणाचे वाटते. ओला दाणा मिठाच्या उकळत्या पाण्यात चटकन शिजतो आणि मऊसूत वाटलाही जातो. मात्र त्याला दोन आवरणे असतात. शेंगेचे टरफल काढले की काम संपले असे वाटते, आणि तेथेच खरे काम सुरू होते, कारण दाण्यावरचे साल तसेच राहिले तर डिप कितीही फिरवले तरी जिभेला भरड लागते. उकडलेला दाणा अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरून हलकेच दाबला की टोकाशी साल फाटते आणि आतली हिरवीगार डाळ सुळकन बाहेर उडते. ती भांड्यात पडेल की शेगडीच्या मागे, हे तिचे तीच ठरवते. साल मात्र अंगठ्यालाच चिकटून राहते. तासाभराने नखांच्या कडा काळपट होतात आणि बोटांना पावट्याचा जो उग्र वास लागतो तो साबणाला दाद देत नाही.

दादर स्टेशनाच्या बाहेर सोललेले मटार आणि सोललेल्या डाळिंब्या पिशव्यांत बांधून मिळतात, हे मला ठाऊक आहे. सालासकट सोललेला पावटाही मिळतो. दोन्ही साले काढलेला पावटा मिळत नाही, कारण तेवढा वेळ विकायला बसलेल्या बाईंकडेही नसतो. लोकलच्या बायकांच्या डब्यात घरी पोहोचेपर्यंत भाजी निवडून, शेंगा सोलून होतात, त्याबद्दल मला कायम आदर वाटत आला आहे. पुरुषांच्या डब्यात पत्ते चालतात, भजने चालतात, टाळही चालतात, पण मांडीवर वर्तमानपत्र पसरून शेंगा सोलायला घेतल्या तर समोरचा प्रवासी तुमच्याकडे काळजीने पाहू लागतो. त्यामुळे मी हे काम घरीच केले.

दाण्यांचा रंग हिरवा राहावा म्हणून ते उकळत्या पाण्यातून थेट बर्फाच्या पाण्यात टाकले. भाजलेले पांढरे तीळ वेगळे बारीक केले, त्यांत लसूण, पुदिना, एक हिरवी मिरची आणि थोडे तेल घालून सगळे एकत्र वाटले. काकडी बिया काढून बारीक चिरली, गाजर आणि कांद्याची पात चिरली, आणि हे तिन्ही वाटून झाल्यावर हाताने मिसळले, कारण मिक्सरमध्ये घातले तर काकडी पाणी सोडते आणि डिपची आमटी होते. लिंबू अगदी आयत्या वेळी पिळले. आंबट पदार्थाने हरितद्रव्यातले मॅग्नेशियम निघून जाते आणि हिरवा रंग हळूहळू मळकट होतो, हे शास्त्र आहे. मी त्या रंगासाठी किती जपलो होतो हे पुढच्या प्रकाराच्या संदर्भात लक्षात असावे, म्हणून सांगितले. शिजवलेले कडधान्य बाहेर साध्या हवेत दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, असाही एक दंडक आहे, आणि सत्यनारायणाची कथा पाच अध्यायांची असते. म्हणून मी डिपचे वाडगे बर्फाने भरलेल्या परातीत ठेवून वर नेले. डिपमध्ये लसूण असल्याचे कळताच ते प्रसादाच्या शिऱ्यापासून दूर करण्यात आले आणि चपलांच्या ढिगाशेजारच्या प्लास्टिकच्या स्टुलावर त्याची स्थापना झाली. येथपर्यंत माझी काही तक्रार नव्हती.

मग नाना आले. नाना आमच्याकडे चौथ्या मजल्यावर राहतात आणि एका सरकारी खात्यातून लेखापरीक्षक म्हणून निवृत्त झाले आहेत, परंतु ही निवृत्ती केवळ कागदोपत्री आहे. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, वाडग्यात वाकून पाहिले आणि समाचाराला आलेल्या माणसाच्या आवाजात विचारले, "ही आधी उसळ होती का?"

"नाही नाना, हे मुद्दामच असे केले आहे."

"मुद्दाम," नाना म्हणाले. थोडे थांबून त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "घरची मंडळी आजारी आहेत का?"

घरची मंडळी त्यांच्या पाठीमागेच उभी राहून बटाटेवडा खात होती. ती उत्तम आहे असे मी सांगितल्यावर नाना मूळ विषयाकडे वळले.

"शेंगा किती आणल्या होत्या?"

"दोन किलो."

"आणि हे दिसते आहे अर्धा किलो. मधले दीड किलो कुठे गेले?"

"टरफले गेली, नाना."

"टरफले सव्वा किलो धरा. तरी पाव किलो राहतो."

"दाण्यावरची सालेही काढली आहेत."

नाना सरळ उभे राहिले. "कडव्या वालाची साले काढतात. भिजवून, मोड आणून, कोमट पाण्यात घालून काढतात. त्याला बिरडे म्हणतात आणि त्याला परंपरा आहे. पावट्याची उसळ सालासकट होते. ही वजावट मंजूर कोणी केली?"

या प्रश्नाला उत्तर नव्हते. वाडग्यात काकडी, गाजर आणि तीळही आहेत, तेव्हा तो अर्धा किलोसुद्धा निव्वळ पावट्याचा नाही, ही माहिती मी स्वतःहून दिली नाही. नानांनी वाडग्याला बाहेरून बोट लावले.

"गार आहे."

"हे गारच खातात."

"कोण खातात?"

मी त्यांना सांगितले की लेबनॉनपासून इजिप्तपर्यंत चणे आणि तीळ वाटून, लिंबू आणि लसूण घालून असे डिप करतात आणि ते कोणीही चुलीवरून गरम गरम वाढत नाही. नानांनी संपूर्ण पश्चिम आशियाचा विचार केल्यासारखे केले. "तिकडे चणा आहे," ते म्हणाले. "इथे पावटा आहे. पावटा वातूळ असतो." हे वाक्य त्यांनी इतक्या मोठ्याने उच्चारले की प्रसादाच्या रांगेतल्या दोघांनी वळून माझ्याकडे पाहिले.

"बरे, खायचे कशाशी?"

येथे मला थोडी आशा वाटली. मी गाजराच्या काड्यांचा पेला पुढे केला. "ही काडी बुडवायची आणि खायची."

"बुडवली. चावली. उरलेली अर्धी?"

मला सापळा दिसला, परंतु उशिरा दिसला. "ती पुन्हा बुडवायची नाही. उष्टे होईल."

"म्हणजे अर्धी काडी कोरडीच खायची."

"उलटी करून दुसरे टोक बुडवता येते."

नानांनी एक काडी घेतली, टोक बुडवले, एक तुकडा खाल्ला, चेहऱ्यावर चवीचा कोणताही पुरावा उमटू दिला नाही, आणि काडी उलटी करून दुसरे टोक दिव्याच्या उजेडात धरले. "या टोकाला मी मघापासून बोटांनी धरले आहे. याच हाताने तुमचे स्टूल नीट ठेवायला चपला सरकवल्या. आता?"

मी त्या टोकाकडे पाहिले, नानांकडे पाहिले, चपलांकडे पाहिले. प्रश्न बिनतोड होता, आणि याचाच मला अधिक राग आला. जगभर मेजवान्यांत लोक एका भांड्यात काड्या बुडवून खातात आणि त्यांतल्या कोणालाही हा प्रश्न कधी पडला नसेल, यावर माझा विश्वास बसत नाही. पण तो आमच्याच गच्चीवर, माझ्याच डिपच्या बाबतीत, इतक्या पद्धतशीरपणे उपस्थित व्हायला हवा होता का? मी चमचे आणतो असे म्हणालो. "थांबा," नाना म्हणाले, "यात काही दुरुस्ती करता येते का ते पाहतो," आणि लिफ्टकडे गेले.

मला वाटले, चमचे आणायला गेले.

लिफ्टचे दार उघडण्याच्या आधीच हिंगाचा वास आला. नाना एका हातात फडक्याने धरलेले लोखंडी कढले आणि दुसऱ्या हातात कढीपत्त्याची डहाळी घेऊन गर्दीतून वाट काढत होते आणि मंडळी आदराने बाजूला होत होती. मी "अहो नाना" एवढे म्हटले. पुढचे शब्द चुर्र आवाजात बुडाले. मोहरी हिरव्या पृष्ठभागावर पसरली, हळदीचे पिवळे तेल काकडीच्या तुकड्यांभोवती साचले, आणि बर्फाच्या पाण्यात बुडवून, आयत्या वेळी लिंबू पिळून सांभाळलेला तो रंग पाहता पाहता पिठल्याच्या दिशेने गेला. नानांनी कढल्यानेच सगळे ढवळले.

पुढच्या पाचदहा मिनिटांत वाडगे पुसून निघाले. ज्यांनी मघापर्यंत त्या स्टुलाला वळसा घातला होता तेच लोक बटाटेवड्याला, पुलावाला, एक जण तर चक्क शिऱ्यालाही ते लावून खात होते, आणि "नाना, काय केलेत हो!" असे विचारत होते. नाना विनयाने म्हणाले, "मी काही नाही. वाटण तयारच होते." वाटण! फोडणीनंतर ते चवीला बरे लागत होते का, असे माझ्या पत्नीने घरी आल्यावर विचारले. तो प्रश्न पूर्णपणे गैरलागू आहे असे मी तिला सांगितले.

मुद्दा असा आहे की फोडणीवाचून शेंगा खाणे आपल्याकडे अज्ञात नाही. हिवाळ्यात रायगडात पोपटी लावतात, तेव्हा मडक्यात वालाच्या शेंगा, मीठ, ओवा आणि भांबुर्ड्याचा पाला भरतात, मडके उपडे ठेवून भोवती जाळ करतात, आणि त्यात पाण्याचा किंवा तेलाचा थेंबही नसतो. तेथे शेतावर कोणी कढले घेऊन येत नाही. हे उत्तर मला रात्री दीड वाजता सुचले आणि नाना तेव्हा झोपलेले होते.

खरे सांगायचे तर फोडणीपेक्षाही मला दुसरीच गोष्ट लागली आहे. त्या रात्री दुसऱ्या मजल्यावरच्यांनी वेफर्सची पाकिटे फोडून ताटात ओतली आणि त्यांना "वेफर्स छान होते" असे चार जणांनी सांगितले. वेफर्स त्यांनी केले नव्हते. बटाटेवडेही कोपऱ्यावरच्या गाडीवरून आले होते, हे त्यांच्या कागदी पिशवीवरून दिसत होते, आणि तळलेले नको हा ठराव ज्यांनी मांडला त्यांनीच ते आणले होते. पौष्टिक हवे, ताजे हवे, घरचे हवे असे म्हणायचे आणि कोणी दोन किलो शेंगांची दोन्ही साले काढून ते केले की त्याच्याकडे पावती मागायची, ही पद्धत मला अजिबात मान्य नाही. पत्नीचे म्हणणे असे की तिने अनेक वर्षे या जेवणांना काही ना काही सोलून, किसून, वाटून नेले आणि तेव्हा मीही ते कोणी केले असे विचारले नव्हते. हा वेगळा विषय आहे.

काल ग्रुपवर होळीच्या जेवणाची यादी आली. 'पावट्याचा खास पदार्थ' यापुढे नानांचे नाव आहे, आणि त्याखाली सहाय्य या सदरात माझे, कामासह: 'पावटा सोलून देणे (दोन्ही साले).' नानांनी ही वजावट आता मंजूर केलेली दिसते. होळीपर्यंत बाजारातला ओला पावटा संपत येतो आणि उरलेल्या शेंगा राठ झालेल्या असतात. ग्रुपवर ही माहिती अजून कोणी दिलेली नाही, आणि मीही अंगठा उंचावून मोकळा झालो आहे.