गोळीचे खाडे

कालनिर्णयच्या पानावर मामी दूधवाल्याचे खाडे मांडते. गेल्या महिन्यात त्याच पानावर तिने मामाच्या गोळीचे खाडे मांडले. 19. स्ट्रिपांचा हिशेब लागेना म्हणून तिने विचारलं, तर मामाने मुकाट्याने मोबाईल पुढे केला. आमच्याच घरच्या ग्रुपवर माझ्या आतेभावाने ढकललेला मेसेज होता. वर तीन लाल दिवे आणि खाली ‘डॉक्टर हे तुम्हाला कधीच सांगणार नाहीत’.

मामाला सीएमएल आहे, म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, रक्ताचा एक कॅन्सर. इचलकरंजीत त्याचे माग आहेत. दोन वर्षांपूर्वी डाव्या कुशीत जड वाटायला लागलं, तपासलं तर पाणथरी (प्लीहा) वाढलेली आणि पांढऱ्या पेशी 1 लाख 80 हजार. तेव्हापासून रोज जेवणानंतर इमॅटिनिब 400 ची एक गोळी.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: पांढऱ्या पेशी नॉर्मल झाल्या की हा कॅन्सर गेला, गोळी बंद करा. बीसीआर-एबीएल ही टेस्ट म्हणजे लॅबवाल्यांचं चराऊ कुरण. फॉरेनला लोक गोळी सोडून मजेत आहेत. गोळीने किडनी जाते, कंपनी महिन्याला लाख रुपये खाते. त्यापेक्षा पपईच्या पानांचा रस आणि गुळवेल घ्या.

पहिल्या वाक्यानेच मामाचे 19 दिवस खाल्ले, म्हणून आधी तेच बघू.

गोळी सुरू केली की बहुतेकांच्या पांढऱ्या पेशी एक ते तीन महिन्यांत जाग्यावर येतात, पाणथरीही आत जाते. ही फक्त पहिली पायरी. रोग सापडतो तेव्हा शरीरात या पेशी अंदाजे एक लाख कोटी असतात. त्यातल्या दहातल्या नऊ मेल्या तरी दहा हजार कोटी उरतात, आणि रक्तपेशी मोजणाऱ्या साध्या सीबीसीच्या रिपोर्टवर मात्र सगळं छान दिसतं. म्हणून त्या रिपोर्टवरून रोग गेला असं ठरवणं म्हणजे अंगण झाडलेलं बघून माळ्यावरचे उंदीर गेले म्हणण्यासारखं आहे.

त्या उरलेल्या पेशी मोजायला दुसरी टेस्ट लागते, आणि मेसेजचा दात नेमका तिच्यावरच. या आजारात 9 आणि 22 नंबरच्या गुणसूत्रांचे तुकडे आपसांत बदलतात आणि बीसीआर-एबीएल नावाचा एक जोडजनुक तयार होतो. पांढऱ्या पेशी वाढवत राहण्याचा हुकूम तोच देत असतो. टेस्ट त्याचा माग काढते. रिपोर्टवर टक्का येतो, पुढे ‘आय.एस.’ लिहिलेलं असतं, म्हणजे इंटरनॅशनल स्केल. ‘10 टक्के’ म्हणजे शंभरातल्या दहा पेशी आजारी, असा त्याचा अर्थ नाही. या पट्टीवर सुरुवात 100 धरलेली आहे आणि तिथून किती खाली आलात ते हा आकडा सांगतो. 0.1 म्हणजे हजारपट खाली.

युरोपियन ल्युकेमियानेट या ल्युकेमिया-तज्ज्ञांच्या गटाच्या 2020 च्या शिफारशींत टप्पे लिहिलेले आहेत. तिसऱ्या महिन्यात 10 किंवा खाली, सहाव्यात 1 किंवा खाली, वर्षाला 0.1 किंवा खाली, आणि पुढे तिथेच राहायचं. वर्षाच्या शेवटी 0.1 ते 1 च्या मधे असाल तर तो ‘सावध’चा पट्टा: लगेच औषध बदलायचं नसतं, पण डोळ्यांत तेल घालून बघायचं असतं. 1 च्या वर असाल तर हे औषध पुरे पडत नाहीये. मामाचे आकडे 7.4, 0.9, 0.16 आणि मग पंधराव्या महिन्यात 0.08. वर्षाला थोडा अडकला, पण आला. त्याच्या पुढच्या तिमाहीत हा मेसेज आला.

आता 2010 मधला लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलचा अभ्यास सांगतो, आतेभावासाठी मुद्दाम. 87 पेशंट, सगळे इमॅटिनिबवर. गोळ्यांच्या बाटलीच्या झाकणात चिप, बाटली कधी उघडली ते नोंदवणारी. असं तीन महिने मोजलं. दर चौघांत एकजण 90 टक्के किंवा त्याहून कमी गोळ्या घेत होता. 90 टक्के म्हणजे महिन्याला फक्त तीन खाडे. ज्यांचे खाडे त्याहून कमी, त्यांची सहा वर्षांत 0.1 गाठण्याची शक्यता 94.5 टक्के, आणि बाकीच्यांची 28.4. 80 टक्क्यांच्या आत घेणाऱ्यांत तर एकालाही ते जमलं नाही. मामाच्या तिमाहीचे 90 दिवस, त्यात 19 खाडे, म्हणजे 79 टक्के. त्या तिमाहीचा रिपोर्ट आला 0.24. आकडा बघून डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो एवढाच: ‘गोळी चुकली का?’ मामा ‘नाही’ म्हणाला. चालत्या मागावर तुटलेली तार ज्याला लांबून दिसते, तो माणूस डॉक्टरांपुढे धडधडीत खोटं बोलला, कारण ‘डॉक्टर हे सांगणार नाहीत’ हे त्याच्या डोक्यात बसलेलं. घरी येऊन मामीने स्ट्रिपा मोजल्या तेव्हा उलगडा झाला.

टेस्टबद्दल एक गोष्ट मान्य करतो, नाइलाजाने. दोन लॅबचे आकडे जुळत नाहीत हे खरं आहे. 0.02 चं 0.04 झालं की लोक ‘दुप्पट झालं’ म्हणून रात्रभर जागतात, आणि तो फरक कित्येकदा मोजणीचाच असतो. म्हणून एकाच लॅबमध्ये करायची आणि एका आकड्यावर न जाता ओळीने तीन-चार बघायचे. टेस्टच करू नका, हे त्यातून कुठून निघालं?

‘फॉरेनला बंद करतात’ यातही अर्धं सत्य आहे, आणि अर्धंच असल्यामुळे ते जास्त घातक आहे. हो, बंद करतात. फ्रान्समध्ये 100 जणांची गोळी थांबवून बघितली, 2010 मध्ये निष्कर्ष छापले. पण त्या सगळ्यांचा रिपोर्ट आधी किमान दोन वर्षं सलग ‘सापडत नाही’ असा होता. तरी वर्षभर गोळीशिवाय टिकण्याचं प्रमाण 41 टक्के. बाकीच्यांचा आजार परतला, बहुतेकांचा पहिल्या सहा महिन्यांतच. गोळी पुन्हा दिल्यावर तो आटोक्यात आला, कारण रक्त सारखं तपासलं जात होतं आणि वेळेत कळलं. आजही असं थांबवायचं तर आधी कित्येक वर्षांचे उपचार, 0.01 च्या खाली टिकून राहिलेला आकडा आणि थांबवल्यावर पहिले सहा महिने दरमहा रक्त, एवढं लागतं. मामाचा आकडा 0.08 होता. म्हणजे बंद करायच्या यादीत तो नव्हताच. आणि ‘सापडत नाही’ याचा अर्थ ‘नाही’ असा होत नाही. मशीनला दिसत नाही, इतकाच होतो. तेव्हाही लाखांनी पेशी असू शकतात.

किडनी: तिचं काम कळायला रक्तातलं क्रिएटिनिन अधूनमधून बघतात, ते ठीकच आहे. पण रोजचा त्रास वेगळाच: सकाळी सुजलेल्या पापण्या, रात्री पोटऱ्यांत गोळे, उपाशीपोटी घेतली तर मळमळ. कातडीचा रंगही फिका पडतो. मागावरची पोरं मामाला ‘गोरा झालास की’ म्हणतात.

लाख रुपये: ती किंमत ग्लिवेक या इमॅटिनिबच्या मूळ ब्रँडची. 1 एप्रिल 2013 ला सुप्रीम कोर्टाने ग्लिवेकच्या कंपनीला, नोव्हार्टिसला, त्याचं पेटंट नाकारलं. तेव्हाही भारतीय कंपन्यांची तीच गोळी महिना आठ-दहा हजारांत मिळत होती. म्हणजे मेसेज लिहिणाराने निदान दहा वर्षं मेडिकलच्या दुकानात पाऊल टाकलेलं नाही.

पपईचा पाला आणि गुळवेल यांनी बीसीआर-एबीएल उतरत नाही. शिवाय इमॅटिनिबचा निचरा यकृतातून होतो आणि गुळवेलीने यकृताला सूज आलेले पेशंट मुंबईतल्या डॉक्टरांनी नोंदवलेले आहेत. यावर जास्त बोलायची माझी इच्छा नाही.

मामीने डॉक्टरांना फोन करून 19 चा आकडा सांगून टाकला. औषध बदललं नाही, सहा आठवड्यांनी रक्त परत द्यायचं ठरलं. परवा रिपोर्ट आला: 0.09. मी तो ग्रुपवर टाकला, सगळ्या आकड्यांसकट. आतेभावाने हात जोडल्याची खूण पाठवली आणि पाच मिनिटांनी गव्हांकुराच्या रसाचा व्हिडिओ.