द्रवखताची टाकी म्हणजे पाण्याची टाकी नव्हे

बडोद्यातल्या मराठी मंडळींच्या मोबाइलवर सध्या एक संदेश फिरतोय. राहणं दांडिया बाजार-रावपुऱ्यात आणि शेती पादरा, कर्जण, शिनोरकडे, अशी बरीच कुटुंबं आपल्यात आहेत, त्यामुळे तो भराभर पुढे जातो. त्यात म्हटलंय ते असं: द्रवखत म्हणजे पाण्यात विरघळलेलं खत, तेव्हा घराच्या गच्चीवरची जुनी काळी टाकी शेतात नेऊन ठेवा. ते पेटत नाही, विषारी नाही, म्हणून भोवती पाळ, म्हणजे सांडलेलं खत अडवणारा बांध, घालणं हा निव्वळ खर्च. पाणी भरून बघा, गळली नाही तर निर्धास्त राहा. कॉक आणि पाइप घरात असतील तेच लावा.

यातलं एकच वाक्य बरोबर आहे: ही द्रवखतं स्वतःहून पेट घेत नाहीत. बाकी सगळं धोक्याचं आहे.

आधी वजनाचं बघू, कारण मूळ गफलत तिथेच आहे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. युरिया-अमोनियम नायट्रेटचं 32 टक्के नायट्रोजनचं द्रावण लिटरला सुमारे 1.32 किलो भरतं आणि 10-34-0 (10 टक्के नायट्रोजन, 34 टक्के स्फुरद, पालाश नाही) हे द्रवखत जवळपास 1.4 किलो. म्हणजे 5,000 लिटरच्या टाकीत पाण्याऐवजी पहिलं द्रावण भरलं, तर 5 टनांच्या जागी 6.6 टन. तळावर आणि भिंतीच्या खालच्या भागावर ताण एक तृतीयांशाने वाढतो, तोही बडोद्याच्या मे महिन्यात, जेव्हा प्लास्टिक उन्हाने आधीच मऊ पडलेलं असतं. काळ्या टाक्यांसाठीचं आयएस 12701 हे मानक पाणी साठवण्यासाठी आहे. त्यात पॉलिथिनचा दोष नाही, ते या द्रावणाला रासायनिकदृष्ट्या टिकतं. प्रश्न भिंतीच्या जाडीचा आहे. टाकी घेताना विक्रेत्याला विचारा की ती किती घनतेच्या द्रवासाठी बनवली आहे. लिटरला 1.5 किलो किंवा त्याहून जास्त असं लेखी मिळालं तरच घ्या. गच्चीवर दहा वर्षं ऊन खाल्लेली टाकी तर नकोच. आणि लोखंडी अँगलच्या स्टँडवर ठेवू नका, पूर्ण तळ टेकेल असा सपाट काँक्रीटचा चबुतरा हवा.

म्हणूनच पाणी भरून केलेली चाचणी अपुरी पडते. पाण्याने गळती दिसते, पण खताचा भार टाकी पेलेल की नाही ते कळत नाही. मोठ्या पोलादी टाकीत तर वेल्डची स्वतंत्र तपासणीच लागते. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या चेसापीक इथे 12 नोव्हेंबर 2008 रोजी युरिया-अमोनियम नायट्रेटची 20 लाख गॅलनची, म्हणजे सुमारे 75 लाख लिटरची टाकी भरताना फाटली. दोन कामगार गंभीर जखमी झाले, द्रावण पाळीवरून उसळून शेजारच्या वस्तीत शिरलं आणि काही नदीत गेलं. तिथल्या रासायनिक सुरक्षा मंडळाच्या चौकशीत निष्पन्न झालं ते हे, की टाकीत बदल करताना केलेलं वेल्डिंग सदोष होतं आणि नंतर त्याची तपासणीच झाली नव्हती. आपल्या टाक्या त्यापुढे लहान आहेत, हे खरं. पण शेतातल्या टाकीखाली उभा असलेला माणूस तेवढाच असहाय असतो.

पाळ निरर्थक म्हणणाऱ्यांनी विहिरीचा विचार करावा. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची भारतीय मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. युरिया-अमोनियम नायट्रेटच्या वरच्या द्रावणाच्या एका लिटरमध्ये आधीच नायट्रेटच्या रूपात असलेला नायट्रोजन सुमारे 10 हजार लिटर स्वच्छ पाणी त्या मर्यादेपर्यंत नेऊन ठेवतो, उरलेला युरिया आणि अमोनियम पुढे जमिनीत नायट्रेट होतो तो वेगळाच. मर्यादा ओलांडलेलं पाणी तान्ह्या बाळांसाठी घातक ठरू शकतं. तेव्हा सर्वांत मोठ्या टाकीच्या किमान 110 टक्के मावेल एवढी पक्की पाळ हवी, शिवाय पावसाच्या पाण्यासाठी जागा हवी, आणि तिच्या तळाला सतत उघडं राहणारं भोक नको. ठिबकच्या लाइनवर उलट प्रवाह रोखणारा व्हॉल्व्ह नसेल, तर पंप बंद पडताच खत थेट बोअरमध्ये उतरू शकतं. ही चूक मला सगळ्यात जास्त सलते, कारण तो व्हॉल्व्ह काही फार महाग नसतो.

कॉकबद्दल थोडक्यात: पितळ, तांबं आणि जस्ताचा मुलामा असलेला जीआय पाइप नायट्रोजनयुक्त द्रावणांना चालत नाही, ती द्रावणं त्यांना खाऊन टाकतात. पॉलिप्रॉपिलीन किंवा स्टेनलेस स्टील वापरा. झाकणाला हवेची वाट ठेवा, नाहीतर पंपाने उपसताना टाकी आत दबते. घरीच युरिया विरघळवून निम्म्याला निम्मं द्रावण करणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की ते 17-18 अंशांना स्फटिक धरू लागतं, म्हणजे जानेवारीच्या रात्री खालचा कॉक चोंदणार.

पेटत नाही म्हणून काहीही मिसळा, असंही नाही. ठिबक साफ करायला आणलेलं ब्लीचिंग किंवा क्लोरीनचं द्रावण युरिया-अमोनियमच्या टाकीत कधीच ओतू नका. त्यातून विषारी वायू निघतात, स्फोटक संयुगंही बनू शकतात. कॅल्शियम नायट्रेट आणि फॉस्फेट किंवा सल्फेटची खतं वेगवेगळ्या टाक्यांत ठेवा, नाहीतर तळाला दगडासारखा साका बसतो. तो काढायला कुणाला टाकीत उतरवू नका. बंद टाकीतली हवा श्वासालायक असेलच असं नाही.

शेवटचा मुद्दा पुराचा. विश्वामित्रीने ऑगस्ट 2024 मध्ये काय केलं ते आपण पाहिलंय. 1.8 मीटर व्यासाच्या रिकाम्या टाकीखाली पाणी शिरलं आणि 10 सेंटिमीटर चढलं, की तिला सुमारे 250 किलोचा उचल मिळतो, आणि टाकीचं स्वतःचं वजन त्याहून बरंच कमी असतं. टाकी तरंगते, पाइप तुटतो आणि तळाशी राहिलेलं खत पुरात जातं. पावसाळ्यापूर्वी चबुतऱ्याला पट्टे आवळून टाकी बांधा, कॉक बंद करून कुलूप लावा, आणि नदी-नाल्याच्या पूररेषेत तर टाकी ठेवूच नका.