हेमिंग्वेची ती स्पर्धा कोळ्यांची नव्हती

हेमिंग्वेच्या मासेमारी-स्पर्धेचा हा फॉरवर्ड मला आधी तीन ठिकाणांहून आला होता. तिन्ही वेळा पुसला. चौथ्यांदा तो आमच्या घरच्या ग्रुपवर मामेभावाने टाकला आणि अर्ध्या तासात मालवणहून मामाचा फोन आला. "तू शिकलेलो मा? ह्यां खराँ काय सांग. तो रापणीतलो वाटो विकूक निघालो हा."

मामेभावाला रापणीतला, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायच्या जाळ्यातला, वाटा मोडून, वर कर्ज काढून, फायबरची बोट घ्यायची आहे. मागे फिरती खुर्ची, चार रॉड, पर्यटकांना गळाने मासे मारायला न्यायचं आणि पुढे गावात "आंतरराष्ट्रीय स्पर्धा" भरवायची. बोट घे बाबा, तुझा धंदा तुला कळतो. पण ज्या गोष्टीच्या भरवशावर तो घ्यायला निघालाय ती गोष्ट खोटी आहे, आणि खोटी असूनही डोळ्यांत पाणी आणणारी आहे, म्हणून चार ओळींऐवजी एवढं लिहितोय.

फॉरवर्ड ज्यांना अजून आला नाही (भाग्यवान आहात) त्यांच्यासाठी सारांश. क्युबात कोहिमार नावाचा दरिद्री कोळीवाडा होता. तिथे राहणाऱ्या अर्नेस्ट हेमिंग्वे या अमेरिकन लेखकाने 1950 साली गावच्या गरीब कोळ्यांसाठी गळाच्या मासेमारीची स्पर्धा काढली. पहिल्याच वर्षी ग्रेगोरिओ नावाच्या म्हाताऱ्याने राक्षसी मासा आणला. त्यावरून हेमिंग्वेला "द ओल्ड मॅन अँड द सी" ही कादंबरी सुचली, नोबेल मिळालं. पुढे फिडेल कास्ट्रोने त्याला स्पर्धेत हरवलं आणि दोघे जिवलग मित्र झाले. पु. लं.नी या स्पर्धेवर मराठीत पुस्तक लिहिलं. कोळ्यांनी जाळी सोडून गळ धरले, गाव सोन्याचं झालं. कोकण कधी जागं होणार? शेवटी इमोजी: पाच नारळाची झाडं आणि एक नांगर.

किरकोळ गोष्टी आधी उरकतो. हेमिंग्वे कोहिमारला राहत नव्हता. त्याचं घर, फिंका विहिया, हवानाच्या आग्नेयेला सान फ्रान्सिस्को दे पाउला इथल्या टेकडीवर, समुद्रापासून चांगलंच आत. 1939 मध्ये भाड्याने घेतलं, 1940 मध्ये विकत. कोहिमारला त्याची बोट नांगरलेली असायची आणि तिथल्या ला तेरासा नावाच्या खानावळीत त्याची बैठक असे. पु. लं.चं "एका कोळियाने" हा कादंबरीचा अनुवाद आहे, त्यात स्पर्धा औषधालाही नाही. पुस्तक न वाचता त्याच्यावर बोलणं ही आपली जुनी सवय, चालायचंच.

कास्ट्रोचं अर्धसत्य आहे, ते मान्य करावं लागेल. मे 1960 मध्ये त्याने या स्पर्धेत भाग घेतला, वैयक्तिक बक्षीस जिंकलं आणि चषक हेमिंग्वेच्या हातून घेतला. त्याचे फोटो जगभर आहेत, दोघे दाढीवाले एकमेकांशी बोलताना. पण "जिवलग मित्र" कुठून आले? दोघांची भेट झाली ती तेवढीच, तिथेच. जुलै 1960 मध्ये हेमिंग्वेने क्युबा सोडलं, परत आलाच नाही आणि 2 जुलै 1961 ला अमेरिकेत केचम इथल्या घरी त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली. या मैत्रीला वेळ कुठे मिळाला?

याच्या उलटा फॉरवर्डही फिरतो, तोही याच निमित्ताने सांगतो: म्हणे कास्ट्रोचे पाणबुडे खाली जाऊन त्याच्या गळाला मासे अडकवत होते. विनोद म्हणून उत्तम. हेमिंग्वेची बायको मेरी हिने आपल्या आठवणींत मात्र लिहिलंय की त्यांनी पिलार या हेमिंग्वेच्या बोटीवरून दुर्बिणीतून त्याला मासे ओढताना पाहिलं आणि तो नियम नीट पाळत होता. मला कास्ट्रोचं प्रेम नाही, पण पाहणाऱ्या माणसाची साक्ष सोडून पानाच्या गादीवरची कशाला धरायची?

आता म्हातारा आणि मासा. इथे मला राग यायला लागतो.

एप्रिल 1936 च्या एस्क्वायर मासिकात हेमिंग्वेचा गल्फ स्ट्रीम या समुद्रप्रवाहातल्या मासेमारीवर एक लेख आहे. त्यात एक परिच्छेद आहे, जेमतेम दोनशे शब्दांचा. काबान्यासहून एक म्हातारा एकटाच होडी घेऊन गेला. त्याच्या हातदोरीला मोठा मार्लिन, म्हणजे भाल्यासारख्या तोंडाचा मासा, लागला आणि त्याने होडी ओढत खोल समुद्रात नेली. दोन दिवसांनी पूर्वेकडे 60 मैलांवर इतर कोळ्यांना तो सापडला. माशाचं डोकं आणि पुढचा भाग होडीला बांधलेला होता. बाकीचं शार्कांनी खाल्लं होतं. उरलं ते निम्म्याहून कमी, आणि त्याचंच वजन 800 पौंड, म्हणजे साडेतीनशे किलोंच्या वर. म्हातारा शार्कांना वल्ह्याने बडवून बडवून दमला होता. कोळ्यांनी त्याला उचललं तेव्हा तो होडीत रडत होता, नुकसानीने अर्धवट वेडा झाल्यासारखा, आणि शार्क अजून होडीभोवती फिरत होते.

1936. स्पर्धा 1950 ची. चौदा वर्षं आधी. आणि फेब्रुवारी 1939 मध्ये त्याने आपले संपादक मॅक्सवेल पर्किन्स यांना पत्रात कळवलं होतं की या म्हाताऱ्या कोळ्यावर गोष्ट लिहायची आहे, आणि सगळं बरोबर उतरावं म्हणून म्हाताऱ्या कार्लोसबरोबर त्याच्या होडीतून जाणार आहे. हा कार्लोस म्हणजे कार्लोस गुतिएरेस, आधी त्याच्या बोटीवर असलेला कोळी. कादंबरी छापून आली सप्टेंबर 1952 मध्ये, लाइफ मासिकाच्या एकाच अंकात अख्खी. म्हणजे सोळा वर्षं ती डोक्यात होती. स्पर्धेने ती दिली म्हणणं म्हणजे बारशाला आलेल्या पाहुण्याने मूल आपल्यामुळे झालं म्हणण्यासारखं आहे. नोबेलच्या मानपत्रात या कादंबरीचं नाव आहे हे खरं, एवढं त्या फॉरवर्डच्या पदरात टाकतो.

ग्रेगोरिओ फुएन्तेस खरा माणूस. लान्सारोते बेटावर 1897 मध्ये जन्मला, 2002 मध्ये 104 वर्षांचा होऊन कोहिमारमध्ये वारला. कादंबरीतल्या म्हाताऱ्या सांतियागोला स्वप्नात आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचे सिंह दिसतात आणि लान्सारोते त्याच किनाऱ्यासमोर आहे, म्हणून नाळ जुळवतात, ठीक आहे. पण ग्रेगोरिओ 1938 पासून पिलारवर पगारी खलाशी आणि स्वयंपाकी होता. स्पर्धा सुरू झाली तेव्हा वय 52. स्पर्धक म्हणून स्वतःच्या होडीतून राक्षसी मासा आणणारा दरिद्री म्हातारा तो कधीच नव्हता. म्हातारपणी पर्यटकांकडून पैसे घेऊन गोष्टी सांगायचा, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

मग स्पर्धा कुणाची होती? यॉटवाल्यांची. हवानाच्या यॉट क्लबांतली मंडळी, फ्लोरिडाहून स्वतःच्या बोटीने येणारे अमेरिकन, असा सगळा गोतावळा. हेमिंग्वेचं नाव होतं, चषक त्याचा होता आणि तो स्वतः त्यात रमायचा. पण तो कोळ्यांच्या वतीने नाही, स्वतःच्या शौकाच्या वतीने. ही माणसं किती श्रीमंत याचा अंदाज हवा असेल तर पिलार बघा. 38 फुटी बोट, 1934 मध्ये ब्रुकलिनच्या व्हीलर कारखान्यातून, 7,495 डॉलरला. तेव्हा अमेरिकेत महामंदी चालली होती. दोन इंजिनं: एक पंचाहत्तर अश्वशक्तीचं पळायला, दुसरं चाळीसचं, गळ ओढत हळू चालायला. दुसरं इंजिन सावकाश जायला! मामाला हे सांगितलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "आमका एकच बंद पडता तां पुरे."

आणि त्या खुर्चीबद्दल. मामेभावाला तीच सर्वांत आवडली आहे म्हणून सांगतो. बोटीच्या मागे डेकवर बोल्टने बसवलेली फिरती खुर्ची, पुढे पाय रोवायला फळी, रॉडचा बुंधा खोवायला मध्ये खोबण. बसणाऱ्याच्या पाठीला पट्टे, ते पट्टे रिळाला अडकवलेले. मासा लागला की कप्तान इंजिन उलटं घालून बोट माशाच्या मागे नेतो. शेवटी खलाशी हातमोजे घालून तार धरतो आणि आकडा मारतो. खुर्चीतला माणूस रिळाची मूठ फिरवतो. ते कष्ट नाहीत असं मी म्हणणार नाही, तासन् तास चालतं, पाठ मोडते. पण त्या बोटीवरचा कोळी खुर्चीत नसतो. तो तार धरतो, आमिष कापतो, डेक धुतो. क्युबातला ग्रेगोरिओ तेच करत होता.

आता ज्या एका गोष्टीसाठी हे सगळं लिहायला बसलो ती. या खेळाचे नियम आंतरराष्ट्रीय गेमफिश संघटनेचे. ही संघटना 1939 मध्ये स्थापन झाली, आणि हेमिंग्वे स्वतः 1940 पासून मरेपर्यंत तिचा उपाध्यक्ष होता. त्या नियमांप्रमाणे मासा रॉड आणि रिळानेच मारला पाहिजे, हातदोरी चालत नाही. गळ लागल्यापासून दुसऱ्या कुणी रॉडला हात लावला तर मासा बाद. आणि बोटीवर घेण्याआधी शार्कने किंवा दुसऱ्या माशाने त्याचं मांस तोडलेलं असेल, तरी बाद.

आता म्हाताऱ्याचा मासा या तराजूवर ठेवा. हातदोरीने मारलेला. शार्कांनी खाल्लेला. जगातला सर्वांत प्रसिद्ध मार्लिन, आणि ज्या स्पर्धेला त्याच्या लेखकाचं नाव आहे तिथे तो काट्यावर चढलाच नसता. पंचांनी वहीत नोंदसुद्धा केली नसती. स्पर्धा कोळ्यांसाठी काढली म्हणणाऱ्याने हे एकदा शांतपणे वाचावं. कोळी ज्या साधनाने पोट भरतो तेच साधन जिथे बाद, ती स्पर्धा कोळ्यांची कशी?

यात हेमिंग्वेला दोष द्यायचा नाही. खेळ हा खेळ, त्याला नियम हवेत. तो माणूस माशांच्या बाबतीत पोकळ नव्हताच: 1934 मध्ये त्याने फिलाडेल्फियाच्या निसर्गविज्ञान अकादमीतली माणसं हवानाला बोलावून मार्लिनची मोजमापं करवली, आणि त्यातल्या हेन्री फाउलरने नंतर एका विंचूमाशाला त्याचं नाव दिलं. कोळ्यांबद्दल त्याला खरी माया होती, नाहीतर तो दोनशे शब्दांचा परिच्छेद तसा उतरला नसता. कोहिमारच्या कोळ्यांनाही त्याच्याबद्दल होती. तो गेल्यावर त्यांनी बोटींचे पितळी पंखे आणि सुटे भाग वितळवायला दिले आणि त्याचा अर्धपुतळा उभा केला. स्वतःच्या होडीचा पंखा देणं म्हणजे काय, हे किनाऱ्यावरच्या माणसाला सांगायला नको. पण त्यांनी चषक जिंकून, श्रीमंत होऊन पुतळा उभारला नाही. हाताशी होतं ते वितळवलं.

"जाळी सोडून गळ धरले" हे तर वाक्यच उलटं आहे. तिथले मार्लिन मारणारे कोळी आधीपासून दोरी-गळावरच होते. लहान होडी, वेगवेगळ्या खोलीवर सोडलेल्या चार दोऱ्या, पहाटे निघायचं. सोडायला जाळी होतीच कुठे? आणि मार्लिन बाजारात विकला जायचा, वजनावर. त्याला तिकडे आगुहा म्हणतात, म्हणजे सुई, स्पर्धेच्या स्पॅनिश नावात तोच शब्द आहे. आता स्पर्धेत मासा बोटीजवळ आणून सोडून देतात आणि गुण मोजतात. माशाच्या दृष्टीने चांगलंच. पण सोडलेल्या माशावर कोळ्याची चूल कशी पेटते ते फॉरवर्ड लिहिणाऱ्याने सांगावं. आणि ती स्पर्धा आता भरते हवानाच्या पश्चिमेला, मरीना हेमिंग्वेत. कोहिमार शहराच्या पूर्वेला आहे. "सोन्याचं झालेलं गाव" निदान नकाशात तरी बघायचं.

पर्यटनातून पैसा येत नाही असं मी म्हणत नाही. येतो. मालवणात येतोय, सगळे बघतायत. मामेभावाची बोट चालेलही. पण पर्यटक न्यायला बोट घेणं आणि गावाच्या रापणीतला वाटा विकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीत एकाचा निर्णय नसतो, दोर ओढायला माणसं लागतात. हे मी त्याला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "दादा, तुका कसला कळता, तू पुण्यात." हेही खरंच.

मामाला मात्र तो 1936 चा परिच्छेद फोनवर मराठीत करून वाचून दाखवला. मध्ये एकदाही बोलला नाही. संपल्यावर विचारलं, "दोन दिवस? आणि पाणी काय प्यालो तो?"

मी म्हटलं, कादंबरीतल्या म्हाताऱ्याजवळ एक बाटली होती.

"एक?"

"एक."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मागे कुणीतरी भांडी घासत होतं. मग म्हणाला, "घोट घोट करून प्यालो आसतलो."