चहा-बिस्किटांच्या समित्या बंद करा म्हणता, मग रजिस्टर कोण तपासणार?

रामबागेपासून राजेंद्रनगरपर्यंत इंदूरच्या मराठी ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: इंग्लंडनं आरोग्य आणि सामाजिक काळजी एका छत्राखाली आणली, तिथं समित्यांची भानगड नाही. आपणही समग्र आयडी (मध्य प्रदेशातला रहिवासी क्रमांक) आणि आभा (देशभरचा आरोग्य खाते क्रमांक) जोडा, दवाखान्यांच्या आणि वस्त्यांच्या चहा-बिस्किटांच्या समित्या बरखास्त करा, देखरेख आपोआप होईल. कुठं अडलंच तर १८१ ही मुख्यमंत्री हेल्पलाइन आहे.

इंग्लंडची गोष्ट अर्धीच सांगितली आहे. २०२२ च्या कायद्यानं तिथं ४२ प्रादेशिक मंडळं झाली, हे खरं. पण दवाखान्यातला उपचार मोफत, आणि घरी येऊन म्हाताऱ्या माणसाला आंघोळ घालणारी मदतनीस मात्र स्थानिक कौन्सिलकडून, तीही ऐपत तपासून. पैशाच्या पिशव्या अजून दोनच आहेत. नगरसेवकांच्या तपासणी समित्याही आहेत. जानेवारी २०२४ मध्ये त्यांचा प्रकरण थेट आरोग्यमंत्र्यांकडे सोपवण्याचा अधिकार गेला. माहिती मागवण्याचा आणि अधिकाऱ्यांना समोर बसवून विचारण्याचा राहिला. आपल्याकडे २०२४ मध्ये मध्य प्रदेशानं लोक स्वास्थ्य आणि वैद्यकीय शिक्षण ही खाती एक केली, पण ती दोन्ही दवाखान्याच्याच बाजूची. अंगणवाडी महिला-बालविकासकडे आणि पेन्शन सामाजिक न्यायाकडे, जशी होती तशीच.

आता आयडी जोडण्याचं. समग्रचा सदस्य क्रमांक ९ अंकी, आभा १४ अंकी. दोन्ही जोडले की माणूस एकच आहे एवढं कळतं. त्याच्या घरी कोण जाणार हे कळत नाही.

अतिकुपोषित बाळाचंच घ्या. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या डाव्या दंडाच्या मध्यावर पट्टी लावतात. ११.५ सेंटिमीटरच्या खाली आलं की लाल. भूक मेलेली असेल किंवा दुखणं असेल तर अंगणवाडीची ताई त्याला पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवते. तिथं साधारण १४ दिवस, मग घरी, आणि पुढं दर १५ दिवसांनी अशा चार फेऱ्या. गळती लागते ती या चार फेऱ्यांत. केंद्र आरोग्य खात्याचं, अंगणवाडी दुसऱ्या खात्याची. फेरीची तारीख केंद्राच्या कार्डावर, वजन ताईच्या पोषण ट्रॅकर अ‍ॅपमध्ये. आईला रोजंदारी बुडवून यायचं असतं, घरी दुसरं मूल असतं, भाड्याची खोली बदललेली असते. केंद्राच्या यादीत नाव ‘गोलू’, अंगणवाडीच्या यादीत शाळेत घालायचं नाव. तिसऱ्या फेरीला मूल आलं नाही तर केंद्र ‘अनुपस्थित’ लिहितं, आणि ताईला ते कळतही नाही.

इलाज साधा आहे, पण तो माणसालाच करावा लागतो. महिन्यातून एकदा समितीच्या बैठकीत दोन्ही याद्या एका टेबलावर ठेवायच्या. जुळणी नावावरून नको, समग्र क्रमांक आणि आईच्या मोबाइलवरून करा. चार रकाने पुरतात: केंद्रातून घरी सोडल्याची तारीख, किती फेऱ्या झाल्या, शेवटचं दंडाचं माप, आणि न आल्यास घरी कोण व कधी जाणार. चौथ्या रकान्यात पदनाम लिहाल तर कोणीच जात नाही, नाव लिहा. वॉर्डाचं हे काम अर्ध्या तासाचं.

समित्यांवरचा राग मात्र अगदीच निराधार नाही, आणि मेसेजची सगळ्यात भक्कम बाजू हीच. सरकारी दवाखान्याचा कारभार पाहणाऱ्या रोगी कल्याण समितीची सुरुवात आपल्याच एमवायमधून, म्हणजे इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयातून झाली. १९९४ मध्ये सुरतेत प्लेग आला, एमवायमध्ये उंदरांचा सुळसुळाट होता, दवाखाना रिकामा करून सफाई झाली, आणि त्यातून हा प्रयोग उभा राहिला. जमलेली फी तिजोरीत न जाता तिथंच खर्चायची मुभा मिळाली. २००५ नंतर राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानानं ती पद्धत देशभर नेली. आणि ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस त्याच एमवायमध्ये नवजात बाळांना उंदीर चावले! उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली.

यावरून समिती नको, असं निघतं? बिळं किती बुजवली, फवारणी कोणत्या वॉर्डात कोणत्या तारखेला झाली, हे सहीनिशी दर आठवड्याला पाहणारं कोणी हवं, असं निघतं. ते अ‍ॅप पाहत नाही. शिवाय रोगी कल्याण समितीची नजर दवाखान्याच्या फाटकापर्यंतच जाते. मोडलेल्या खुब्याची आजी घरी गेल्यावर तिला वॉकर मिळाला का, खाटेवर पडून तिची पेन्शनची ई-केवायसी कशी होणार, हे समितीच्या विषयपत्रिकेत येत नाही.

समिती कुचकामी होते त्याची कारणंही ओळखीची आहेत. विषयपत्रिका आयत्या वेळी हातात येते. अंगणवाडी पर्यवेक्षिका आणि नगर निगमच्या झोनमधलं पेन्शनचं टेबल यांना बोलावलेलंच नसतं. मागच्या ठरावांचं काय झालं, हा विषय शेवटी येतो, तोवर लोक उठलेले असतात. तो पहिला घ्या. वस्तीतल्या महिला आरोग्य समितीचंही तसंच: ५० ते १०० घरांमागं एक, वर्षाला ५,००० रुपयांचा मुक्त निधी. खात्यावर दोन सह्या लागतात. एक बाई वस्ती सोडून गेली की पैसे अडकतात. सही बदलण्याचा ठराव त्याच महिन्यात बँकेत द्यायचा, एवढंच.

राहिलं १८१. ती हेल्पलाइन चांगली आहे, पण एका माणसाच्या एका तक्रारीसाठी. तक्रार एका खात्याच्या नावावर चढते आणि एल-१ पासून एल-४ पर्यंत, अधिकाऱ्यांच्या चार पायऱ्या वर जाते. दोन खात्यांच्या मधल्या फटीत पडलेलं काम ‘आमच्याशी संबंधित नाही’ या शेऱ्यानं बंद होऊ शकतं. आणि ज्या मुलाचं नाव दोन याद्यांत दोन आहे, त्याच्यासाठी फोन करणार कोण?

समिती खरोखर झोपली आहे का, हे मेसेज पुढं ढकलण्याआधी तपासता येतं. माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज करा, उत्तराला ३० दिवस. मागायचे तीनच कागद: मागच्या चार बैठकांची हजेरी, इतिवृत्त आणि अनुपालनाचा, म्हणजे ठरावांचं पुढं काय झालं त्याचा कागद. तिसरा कागद नाही असं उत्तर आलं, तर ते घेऊन मंगळवारच्या जनसुनवाईला, अधिकाऱ्यांसमोर तक्रार मांडायला जा.