हार नंतर, आधी संडास

जय भीम.

काल ६ डिसेंबर, बाबासाहेबांचा महापरिनिर्वाण दिन झाला आणि आज सकाळी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फोटो आला. शिवाजी पार्कच्या कडेला पडलेले द्रोण, पाण्याच्या बाटल्या, आणि खाली ओळ : "दरवर्षीचंच आहे यांचं." यांचं! त्या ग्रुपवर आम्ही तीन घरं बौद्ध आहोत, हे लिहिणाऱ्याला चांगलं ठाऊक आहे. त्याच्या मुलीला मी दोन वर्षं गणित शिकवलंय. तिथे मी काही बोलले नाही, हात थरथरत होते. दिवसभर शाळेत चित्त नव्हतं, म्हणून आता इथे लिहितेय.

१९९६ ची गोष्ट. मी दहा वर्षांची. आजीचं बोट धरून हिंगोलीकडच्या आमच्या गावाहून पहिल्यांदा दादरला, बाबासाहेबांच्या चैत्यभूमीला निघाले. जनरल डब्यात दारापाशी पोत्यावर बसून प्रवास. आजीच्या पिशवीत भाकरी, ठेचा, घडी घातलेलं पांढरं लुगडं, अगरबत्तीचा पुडा. पदराच्या गाठीला मेणबत्तीचे पैसे. आदल्या दुपारपासून तिने पाणी सोडलं होतं. मी तांब्या पुढे केला की तोंड फिरवायची. "पाणी पेलं की जावं लागतंय माय. अन् तिथं जायाचं कुठं?"

६ डिसेंबरला दुपारी उन्हात, रांगेत, ती खाली बसली. बसली कसली, पडलीच. मी रडायला लागले. बाजूच्या इमारतीत तळमजल्यावरच्या एका बाईंनी खिडकीतून पाहिलं आणि त्या बाहेर आल्या. आमच्यातल्या नव्हत्या, घरात देव्हारा होता. "मावशी, आत या." साखर-मिठाचं पाणी दिलं, पंखा लावला आणि मग हळूच म्हणाल्या, "तिकडे संडास आहे, जाऊन या." आजी बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा पदराने डोळे पुसत होती. आणि मला पहिलं काय विचारलं, तर "रांग सुटली का गं?"

तर "यांचं" म्हणणाऱ्यांनो, विदर्भ-मराठवाड्यातून लाखो माणसं येतात. दोन-दोन रात्री उघड्यावर, धुळीत झोपतात. कोणी आमंत्रण देत नाही, कोणी गाडीभाडं देत नाही. पायात धड चप्पल नसलेली बाई पुस्तकांच्या स्टॉलवर उभी राहून नातवासाठी पुस्तक निवडते, त्याचा फोटो काढा ना कधी. एवढी माणसं एका जागी तीन दिवस राहिली की कचरा होणार, घाण होणार. तुमच्या लग्नाच्या हॉलमध्ये चार तासांत होते, ती कोण उचलतं?

बरं, आपलीही चूक आहे. प्लास्टिक आपणही टाकतो. मान्य.

पण माझा खरा राग आज आपल्याच माणसांवर आहे. काल रांगेत असताना शेजारून एक हार गेला. चार जणांनी मिळून धरलेला. पुढे नेते, मागे कार्यकर्ते, मोबाईल वर. रस्ताभर फलक, बाबासाहेब कोपऱ्यात आणि साहेबांचा चेहरा मधोमध. आणि त्या फलकांच्या मागे, मैदानाच्या कडेला, फिरत्या शौचालयासमोर बायकांची रांग. एका दाराला कडी नव्हती. आत आई आणि बाहेर दहा-अकरा वर्षांची लेक दोन्ही हातांनी दार धरून उभी. मी तिच्याकडे बघतच राहिले. १९९६ साली मी तेवढीच होते.

सुधारणा झाली आहे, नाही म्हणत नाही. मंडप असतो, नळ असतात, दवाखाना असतो, जेवण वाटणारे तर पावलोपावली. आपल्या पोरांनी फुलं-मेणबत्त्यांऐवजी एक वही, एक पेन आणा म्हणून सुरू केलं, तेव्हा मला आजीची आठवण येऊन भरून आलं होतं. ती चौथी शिकलेली नव्हती. तिला वही वाहायला फार आवडलं असतं. पण वहीपर्यंत आपण आलो, तर पुढे एक पाऊल टाकायला काय हरकत आहे?

दान म्हणजे काय, हे आपल्याला नव्याने शोधायचंही नाही. दरवर्षी मी सहावीच्या मुलांना कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांत नेते. मुलं मोठ्या चैत्याकडे धावतात, मी पाण्याच्या टाक्यांपाशी थांबते. तिथले शिलालेख सांगतात, कोणी लेणं दिलं, कोणी 'पोढी' दिली. पोढी म्हणजे पाण्याचं टाकं. देणाऱ्यांत आमच्या कल्याणचा एक सोनार आहे. त्याने सोन्याची फुलं वाहिली असती तर आज कुठे असती? त्याने खडकात पाणी दिलं. सम्राट अशोक राज्याभिषेकाला २० वर्षं झाली तेव्हा भगवंतांच्या जन्मगावी, लुंबिनीला गेला, वंदन केलं, स्तंभ उभा केला आणि गावाचा कर कमी केला. स्तंभावरच कोरलंय ते. तिथे राहणाऱ्यांचं ओझं हलकं केलं.

आणि संडासाचं नाव काढलं की नाक मुरडणाऱ्या उपासकांसाठी : विनयात, म्हणजे भिक्खूंच्या नियमग्रंथात, वच्चकुटीचे, म्हणजे शौचकूपाचे, स्वतंत्र नियम आहेत. आत कसं जावं, पाणी कसं ठेवावं, घाण दिसली तर काय करावं. पोटाच्या आजाराने स्वतःच्याच घाणीत पडलेल्या भिक्खूला भगवंतांनी त्यांचा शिष्य आनंद याला पाणी आणायला सांगून स्वतः धुतलं, आणि मग भिक्खूंना म्हणाले, ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची करावी. हे आपण विहारात ऐकतो, साधू साधू म्हणतो आणि घरी येतो.

मागे एका धम्मबांधवांनी मला सुनावलं होतं, ताई, सर्व दानांत धम्मदान श्रेष्ठ. आहेच. पण आळवी नगरात उपाशी शेतकरी भगवंतांकडे धावत आला, तेव्हा त्यांनी त्याला आधी जेवू घातलं आणि मग देशना, म्हणजे उपदेश, दिली, हेही धम्मातच आहे. भोवळ येऊन पडलेल्या म्हातारीला कसलं प्रवचन ऐकू येणार?

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. त्या दादरच्या बाई आठवतायत. दुसऱ्या वर्षी आजीने घरची दोन किलो तुरीची डाळ फडक्यात बांधून आणली आणि त्यांच्या दारात ठेवली. मग दरवर्षी. आधी त्यांच्याकडे, मग रांगेत. २०११ ला आजी गेली. तोपर्यंत प्रत्येक वेळी आदल्या दुपारपासून पाणी सोडूनच यायची. संडास वाढले, नळ आले, तरी सोडायची. सवय अंगात मुरली होती. मला याचंच सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

सोसायटीच्या ग्रुपवर उद्या हीच आजीची गोष्ट टाकणार आहे, भांडण न करता. त्याची मुलगी वाचेल.

आणि तुमच्याकडे मागणं आहे. पुढच्या वर्षी ५ आणि ६ डिसेंबरला मला वीस बायका हव्यात, चार-चार तासांच्या पाळीने. बायकांच्या शौचालयांपाशी उभं राहायचं, पाणी संपलं की भरायचं, साबण ठेवायचा, पॅड द्यायचे, कडी तुटली असेल तर दार धरायचं. म्हाताऱ्या बायकांना रांगेतून पुढे घ्यायचं आणि त्यांना सांगायचं, आजी, पाणी प्या, सोय आहे. ज्यांना उभं राहणं जमणार नाही त्यांनी हाराचे पैसे साबणाला द्या. ज्या येणार असतील त्यांनी खाली नाव लिहा. बादल्या माझ्याकडे सहा आहेत, अजून लागतील.