पन्नास मिळवून नापास

कॉलेजातल्या एका विषयाला 80 ची लेखी, 20 ची इंटर्नल, म्हणजे कॉलेजनेच द्यायचे टेस्ट-असाइनमेंटचे मार्क. एकूण 100. पासिंग 40 टक्के. ऐकायला किती सरळ! पण हे 40 टक्के दोन्हीकडे वेगवेगळे हवेत: लेखीत 32, इंटर्नलमध्ये 8. मग एकूण कशाला छापता मार्कशीटवर? शोभेला?

माझे इंटर्नल 19, लेखी 31. बेरीज 50. निकाल: केटी, म्हणजे त्या विषयात नापास, पेपर पुन्हा. माझ्या शेजारच्या बाकावरच्या पठ्ठ्याचे इंटर्नल 8, लेखी 32. बेरीज बरोब्बर 40. तो पास! परवा मलाच विचारत होता, "काय रे, 50 वाला नापास कसा?"

बरं, ते 19 काही आकाशातून पडले नव्हते. दोन टेस्ट, असाइनमेंटची पानंच्या पानं, सबमिशनच्या आठवड्यात सरांच्या केबिनबाहेर सहीसाठी ताटकळणं, झेरॉक्सवाल्याची उधारी वेगळीच. ते सगळं एका मार्कासाठी पाण्यात. इंटर्नलमधला एक मार्क तिकडे सरकवता येत नाही म्हणे, दोन्ही 'हेड' स्वतंत्र. असतील बुवा.

मान्य, काही कॉलेजं इंटर्नल खिरापतीसारखे वाटतात, म्हणून लेखीची अट. पण आमच्या सरांनी 20 पैकी 19 कधी फुकट दिलेत? ते तर हजेरीसुद्धा मोजून देतात.

आणि घरी हे समजावून सांगायचं म्हणजे दुसरी परीक्षा. आईचं एकच पालुपद: "35 ला पास होतात ना रे? तुला तर 50 आहेत!"

आता रिव्हॅल्युएशनचा फॉर्म भरतोय. फी वेगळी, अर्थातच.