पेजेवरचा पापुद्रा प्लास्टिकचा नव्हे

रेशनच्या तांदळात प्लास्टिक मिसळतात, हा मेसेज गोव्यातल्या डिचोली-पेडण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर अधूनमधून नव्याने उगवतो. पुरावे तेच चार: काही दाणे पाण्यावर तरंगतात, भाताचा गोळा आपटला की उसळतो, दाणा पेटतो आणि निवलेल्या पेजेवर प्लास्टिकसारखा पापुद्रा धरतो.

तरंगणारे दाणे खरंच वेगळे असतात. ते फोर्टिफाइड दाणे. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ घालून, यंत्रातून दाबून तांदळाच्या आकारात काढलेले. साध्या १०० दाण्यांमागे एक. आत हवा अडकली तर दाणा वर येतो. मार्च २०२४ पर्यंत देशभरच्या रेशनमध्ये हा तांदूळ आला. लोक नेमके तेच दाणे वेचून फेकतात, म्हणजे लोह उकिरड्यावर. आणि तरंगण्यावरून प्लास्टिक ओळखायचं म्हटलं, तर पाण्याच्या बाटलीचं पीईटी बुडतं, त्याचं काय?

पेटण्याचं काय घेऊन बसलात! कोरडा तांदूळ जळणारच. तो कोळसा होतो. पॉलिथिन वितळून थेंब थेंब गळतं आणि मेणबत्तीसारखा वास येतो.

पापुद्र्याची गोष्ट मात्र नीट बघण्यासारखी. तांदळाचं पिष्ट, म्हणजे स्टार्च, साधारण ६५ ते ७८ अंशांना पाणी पिऊन फुगतं आणि त्यातलं अमायलोज, म्हणजे पिष्टाच्या लांब साखळ्या, पेजेत उतरतं. ढवळत राहिलात तर पेज सैल वाहते. निवायला ठेवली की अमायलोजच्या साखळ्या एकमेकींना धरून जाळं करतात, पाणी मध्ये कोंडतं, पेज थिजते. वरचं पाणी उडालं की तिथल्या साखळ्या आणखी जवळ येतात, तोच तुमचा पापुद्रा. कपड्यांना पेजेची खळ घालणाऱ्या आजीला हे सांगावं लागलं नसतं. भाताचा गोळाही याच जाळ्यामुळे उसळतो, आणि उकड्या तांदळाचा दाणा मोकळा, टणक राहतो तोही यामुळेच: त्याचं पिष्ट सालीत असतानाच एकदा शिजून पुन्हा आवळलेलं असतं. पॉलिथिन उकळत्या पाण्यात फुगत नाही, वितळत नाही. त्याची पेज करून दाखवा.

घरी खात्री हवी असेल तर जखमेवर लावतात त्या आयोडीनचा थेंब भातावर टाका; निळाकाळा डाग पडला तर पिष्ट आहे. यावर कोणी हुशार म्हणेल, पिष्ट आणि प्लास्टिक एकत्र वितळवून दाणा केला असेल तर? असं मिश्रण असतं, कंपोस्ट होणाऱ्या काही पिशव्या त्याच्याच असतात, आणि आयोडीनने त्याही निळ्या पडतात. पण तिथे पिष्ट प्लास्टिकच्या जाळ्यात अडकलेलं. तासभर उकळा, पाणी पेजेसारखं दाट होणार नाही, दाणा चिवटच राहील. शिजलेलं शीत दोन बोटांत चिरडून बघा, मग मेसेज पुढे ढकला.